शमी (सौंदड, जम्मी)
दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. तेलंगणात शमीची वाटतात. तेलुगूत जम्मी, मराठीत सौंदडही म्हटला जाणारा हा वृक्ष २०१४ पासून तेलंगणाचा राज्यवृक्ष आहे.

कोरडवाहू शेतकरी हे झाड बांधावर राखतो. मुळे खोल असल्याने उन्हाळ्यातही पाला हिरवा राहतो, शेळ्यामेंढ्यांना चारा होतो. काटेरी फांद्या कुंपणाला, लाकूड जळणाला येते. राजस्थानात कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात. तिथे खेजडली गावी १७३० साली ही झाडे वाचवताना ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले.

आता शहरात सणासाठी फांद्याच मोडल्या जातात. आम्हा अंबरपेठकरांची विनंती : पूजेला चार पाने पुरेत, फांदी झाडावरच राहू द्यावी.