एन्सेलाडस (उपग्रह)

एन्सेलाडस हा शनी ग्रहाचा आकारमानाने सहाव्या क्रमांकाचा नैसर्गिक उपग्रह आहे. त्याचा व्यास सुमारे ५०४ किलोमीटर असून तो शनीपासून सुमारे २,३८,००० किलोमीटर अंतरावरून १.३७ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. बर्फाच्या कवचाखालील खाऱ्या पाण्याच्या महासागरामुळे पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीच्या शोधात त्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

शोध व नामकरण

विल्यम हर्शेल यांनी २८ ऑगस्ट १७८९ रोजी या उपग्रहाचा शोध लावला. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४७ मध्ये ग्रीक पुराणकथांतील एका महाकाय योद्ध्याचे नाव त्यासाठी सुचवले.

पृष्ठभाग

पृष्ठभागावरील स्वच्छ बर्फ बहुतांश सूर्यप्रकाश परावर्तित करतो. त्यामुळे तेथील तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दक्षिण ध्रुवाजवळ प्रत्येकी सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या चार समांतर भेगा आहेत. 'वाघाचे पट्टे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भेगा भोवतालच्या बर्फापेक्षा उष्ण आहेत.

फवारे व ई कडे

या भेगांतून पाण्याची वाफ व हिमकण अवकाशात फेकले जात असल्याचे कॅसिनी यानाच्या निरीक्षणांतून २००५ मध्ये आढळले. त्यांतील बरेचसे कण पुन्हा पृष्ठभागावर पडतात. उरलेल्या कणांपासून शनीचे विरळ व विस्तीर्ण ई कडे बनले आहे.

महासागर

एन्सेलाडसच्या दोन प्रदक्षिणांच्या काळात डायोनी या उपग्रहाची एक प्रदक्षिणा होते. डायोनीच्या या नियमित ओढीमुळे एन्सेलाडसची कक्षा लंबवर्तुळाकार राहते. परिणामी शनीचे त्यावरील गुरुत्वाकर्षण कमी-अधिक होत राहते व अंतर्भागात घर्षणाने उष्णता निर्माण होते. परिभ्रमणातील सूक्ष्म डोलण्यावरून हा महासागर संपूर्ण उपग्रहभर पसरलेला असल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये काढण्यात आला. फवाऱ्यांत हायड्रोजन आढळल्याचे २०१७ मध्ये, तर ई कड्यातील हिमकणांत फॉस्फेट आढळल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. हे घटक जीवसृष्टीस पोषक असले, तरी तिच्या अस्तित्वाचा पुरावा मिळालेला नाही.

कॅसिनी मोहिमेची अखेर

इंधन संपत आल्यावर अनियंत्रित झालेले यान एन्सेलाडस किंवा टायटनवर आदळले असते, तर यानासोबत गेलेले पृथ्वीवरील सूक्ष्मजीव तेथे पोहोचण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी यान शनीच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले.