एकच माती, दोन राज्ये

हिंगोलीच्या स्टेशनावर आज गाडीत बसले, की वाशीमवरून सरळ अकोल्याला जाता येते. यात सांगण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. पण पूर्णा जंक्शनाहून निघालेला लोहमार्ग १९१२ साली हिंगोलीपर्यंत आला आणि इथेच संपला. पुढे रूळ पडून तो अकोल्याला मिळाला, तोवर देश स्वतंत्र होऊन बरीच वर्षे उलटली होती. वाशीम काही आपल्याला परके गाव नव्हे. तिकडची काळी माती आपल्यासारखी, कापूस-ज्वारी आपल्यासारखीच, भाषा मराठी, आणि सोयरिकी तर कैक पिढ्यांच्या. पण मध्ये सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड.

माझे आजोबा सांगत, की वाशीमकडून बाजार करून यायचे म्हणजे वाटेत करोडगिरीचा नाका लागे. आपल्या मालावर जकात भरायची, आणि पैसाही बदलून घ्यायचा. कारण इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपयांचे सहा कलदार, हा हिशेब त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होता.

श्रोतेहो, वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी मला विचारतो, ‘सर, आपला भाग मागे का राहिला?’ कुणी म्हणतो पाऊस कमी, कुणी म्हणतो आपली माणसेच आळशी. पाऊस लहरी आहे, हे खरे. पण माणसे आळशी म्हणणाऱ्याला मी सरहद्दीची ही गोष्ट सांगतो. एकच माती आणि एकच समाज दोन राज्यांत विभागला गेला, तर पुढे काय होते, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको.

ही सरहद्द आली कशी? निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी जी फौज होती, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिची एक छावणी आपल्या हिंगोलीस होती आणि ती १९०३ पर्यंत राहिली. या फौजेचा पगार थकत गेला, कंपनी सरकारचे देणे चढत गेले. अखेर १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. दरबारातल्या कर्जाचा निकाल असा लागला, की हजारो गावांचे राज्य बदलले. त्या गावांना कुणी विचारले नव्हते.

इंग्रज काही धर्मादाय करायला आले नव्हते. त्यांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस हवा होता. त्यासाठी आगगाडी मुंबईहून अकोल्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजारातल्या व्यवहाराला नियम लागले. मुख्य म्हणजे शाळेत मराठी राहिली, कचेरीतही मराठी राहिली. शेतकऱ्याच्या मुलाला आपल्याच भाषेत शिकून कारकून, मास्तर, वकील होता आले. त्यातूनच डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा शेतकऱ्याच्या घरातला माणूस पुढे आला. त्यांनी अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झगडा दिला आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे खेड्यापाड्यांत शाळा नेल्या. परक्या सरकारने स्वार्थासाठी उघडलेल्या दारातून इथली माणसे पुढे सरकली, एवढाच याचा अर्थ.

आता अलीकडची बाजू पाहू. निजामी राज्यात सगळेच वाईट होते, असे सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. १८५३ ते १८८३ पर्यंत दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने वसुलीचे मक्ते मोडले, जिल्हे पाडले, जमाखर्चाला शिस्त आणली. महाराजा किशनप्रसादांसारखा हिंदू गृहस्थ त्या राज्याचा पंतप्रधान झाला. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने तर इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून, उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले. ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

पण इथेच खोच आहे, बघा. १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. त्या राज्यात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी, काही लोक कानडी. उर्दू बोलणारे आठांत एक असतील नसतील. म्हणजे सात घरच्या मुलांना शाळेची पहिली पायरी चढून वर जायचे, तर आधी दुसऱ्याची भाषा शिकावी लागे. अवतीभवतीच्या खेड्यांतला कुणबी मुलगा चार यत्ता शिकून थांबे. त्याच्या शेताचा कागद उर्दूत, कोर्टाचा निकाल उर्दूत. कागद वाचून घ्यायला तो ज्याच्याकडे जाई, त्याला द्यावे लागणारे दोन पैसे हाही एक करच होता; फक्त तो सरकारी वहीत लिहिला जात नसे.

त्यातच राज्याची सुमारे चाळीस टक्के जमीन जहागिरदारांकडे आणि निजामाच्या खासगी मालकीत, म्हणजे सरफेखासमध्ये होती. जहागिरदारांत हिंदूही होते. रयतेला वाटा न मिळण्यात धर्म आड येत नव्हता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९३७ साली जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. पुढे १९५१ च्या शिरगणतीत त्याच राज्यातल्या शंभरांपैकी जेमतेम नऊ-दहा माणसांना लिहितावाचता येत होते. राजाची तिजोरी आणि देशाची संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

लोकांनी आपल्या वर्गणीतून हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू अशा ठिकाणी शाळा चालवल्या. पण सभा भरवायची तरी ‘गश्ती नंबर ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तर ती जातीय ठरवून तिच्यावर बंदी घातली गेली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. सरकार जबाबदार असावे, एवढी मागणी करणारा जातीय ठरला. आणि ‘राज्य आमच्या जमातीचे’ म्हणणाऱ्या लातूरच्या कासीम रझवीला मात्र मोकळे रान मिळाले. त्याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. माणसे घरेदारे टाकून सरहद्दीपलीकडच्या कँपांत गेली. अशा वेळी पेरणी कोण करणार, बाजार कुठे भरणार? आणि याच दिवसांत हैदराबाद सरकारने वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. मराठवाड्यात एकही मोठे धरण नव्हते. पण राजकारणासाठी वीस कोटी निघाले. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले.

यावर कुणी म्हणेल, की हा एका धर्माचा दोष. तसे नाही. आपल्या दख्खनचा जुना इतिहास पाहा. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान इराणातून आलेला. त्याने जमिनीची मोजणी केली, बीदरला मदरसा बांधला, माहूरसारखे नवे प्रांत पाडून सरदारांची मनमानी आवरली. पण दरबारात ‘दखनी’ आणि ‘परदेशी’ अशी दोन तोंडे होती. दोन्हीकडे मुसलमानच. दखनी गटाने त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि सुलतानाने १४८१ साली त्याचा शिरच्छेद करविला. पुढच्या पन्नास वर्षांच्या आत त्या एका राज्याची पाच राज्ये झाली. उलट, सव्वाशे वर्षांनी मलिक अंबर नावाचा हबशी गुलाम निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने मराठा सरदारांना बरोबर घेतले, जमिनीचा पोत पाहून सारा ठरवला, आणि मोगलांना अनेक वर्षे थोपवून धरले. म्हणजे राज्यकर्ता कुठल्या कुळातला, यावर भरभराट ठरली नाही. कामाच्या माणसाला जागा मिळते का आणि रयतेला आपल्या कष्टाचे फळ मिळेल असा भरवसा वाटतो का, यावर ती ठरली.

श्रोतेहो, इथे थांबलो असतो तर हे व्याख्यान गोड झाले असते. पण इतिहास आपल्यालाही आरसा दाखवतो.

पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक मुसलमान होते. रझाकारांचा गुन्हा ज्यांनी केला नव्हता, अशांनी त्याची किंमत मोजली. पुढे २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा आपल्याच भागात दलितांची घरे जाळली गेली. या मराठवाड्यात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उघडणाऱ्या माणसाच्या नावावरून हे झाले! त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले होते. म्हणजे दार उघडताच मुले शिकायला धावली होती. आणि अठ्ठावीस वर्षांनी आपणच आपल्या शेजाऱ्याला दार लावून घ्यायला निघालो. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या सोळा वर्षांत सभा, मोर्चे, बंद यांत जी शक्ती गेली, ती विहिरी, शाळा, कारखाने यांकडे गेली असती तर? हिशेब तुम्हीच करा.

दुसरीकडे, जिथे काम झाले तिथे फळ दिसते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली. कालव्याचे पाणी वसमतच्या बाजूला गेले. ऊस, केळी, हळद उभी राहिली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाटाचे पाणी शेतकऱ्याची जात विचारत नाही.

महाराष्ट्रात सामील होताना १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला खर्चात, नोकऱ्यांत, शिक्षणात वाटा कबूल केला होता. तरी दांडेकर समितीने १९८४ साली मोजणी केली, तेव्हा राज्याच्या सुमारे ३१८६ कोटींच्या अनुशेषात मराठवाड्याचा भाग सुमारे ७५० कोटींचा निघाला. १९९४ साली विकास मंडळे झाली. त्यांची मुदत २०२० साली संपली. मुंबईने दुर्लक्ष केले, हे खरेच आहे. पण आपण निवडून दिलेल्यांना या वाट्याचा जाब किती वेळा विचारला, आणि ‘आपल्या माणसाचा’ म्हणून किती वेळा मत दिले? ज्या पुढाऱ्याला जातीवर मते मिळतात, त्याला कालवा खोदायची घाई कशाला असेल?

याला दुसरा मार्ग आहे का? आहे. मॉरिशस बेटाचे उदाहरण घ्या. तिथे उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत आणि त्यांची मुले शाळेत आजही मराठी शिकतात. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, फ्रेंच वंशाचे, असा तिथला समाज. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, तिथे दंगे झाले. जेम्स मीड नावाच्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने तर त्याआधीच त्या बेटाच्या भवितव्याविषयी निराशा व्यक्त केली होती. पण पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ साली, स्वातंत्र्याला विरोध केलेल्या पक्षालाच मंत्रिमंडळात घेतले. लहान जमातींना विधिमंडळात जागा मिळाव्यात, अशी तरतूद निवडणुकीच्या पद्धतीत ठेवली गेली. १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा झाला. एकट्या साखरेवर जगणारे बेट कापडाचे कारखाने आणि पर्यटन यांवरही उभे राहिले. तिथले तंटे काही मिटले नाहीत. पण तंटा सभागृहात राहिला आणि कारखाना चालू राहिला.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांना घेऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. गावची शाळा कधी निघाली, पहिल्या वर्षी कोणकोणत्या घरची मुले तीत होती, आणि कोणत्या घरची नव्हती, ते लिहून घ्या. गावच्या विहिरीचाही असाच इतिहास लिहा. गाव पुढे का गेले किंवा मागे का राहिले, ते या दोन याद्यांत बरेचसे सापडेल.

आणि शेतकरी बांधवांनो, पुढच्या वेळी पुढारी दारात येईल, तेव्हा तो कोणाचा कोण हे विचारू नका. ते तो स्वतःच सांगेल. पाणी, शाळा, रस्ता यांचे काय केले, ते विचारा. आणि हाच प्रश्न शेजारच्या वस्तीतूनही विचारला जातो ना, तेही पाहा. हिंगोलीपाशी संपलेला रूळ पुढे न्यायला सरहद्द पुसावी लागली. गावातल्या सरहद्दी पुसायला कोणत्या तहाची गरज नाही.