इनटेक गळती (घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनातील)

कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या सांध्यांतून मोजमापाबाहेरची हवा आत शिरणे. गॅरेजच्या भाषेत, ‘इंजिन हवा घेतंय’. या जादा हवेला पेट्रोलची जोड नसते. त्यामुळे मिश्रण पातळ होते, इंजिन आयडलवर अडखळते आणि एखादाच सिलिंडर विनाकारण तापतो.

महाराष्ट्रात हौसेने विमान बांधण्याचे ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

गळतीचा जोर थ्रॉटल बंद असताना सर्वाधिक असतो. वऱ्हाडातल्या सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या अकोला-अमरावती पट्ट्यात बंद इंजिनाचा मॅनिफोल्ड दाबमापक साधारण २९ इंच पारा दाखवतो. आयडलवर तो १०-१२ इंचांपर्यंत उतरतो. बाहेरचा आणि आतला दाब यांतली ही तफावतच हवा आत ओढते. पूर्ण थ्रॉटलला तफावत जवळजवळ मिटते आणि दोषही लपतो. म्हणून अर्ध्या थ्रॉटलला एका सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान इतरांहून वेगळे पडत असेल आणि पूर्ण थ्रॉटलला ते पुन्हा रांगेत येत असेल, तर संशय आधी त्याच सिलिंडरच्या इनटेक नळीवर घ्यावा. नोझल किंवा जेट बिघडले असते, तर पूर्ण थ्रॉटललाही फरक राहिला असता.

वऱ्हाडी उन्हाळा यात आणखी घोळ घालतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी इथली हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. विरळ हवेत साधा कार्ब्युरेटर आपोआप जास्त पेट्रोल देतो आणि गळतीने पातळ झालेले मिश्रण काही अंशी झाकले जाते. दुपारी गोड चालणारे इंजिन जानेवारीच्या पहाटे रडते ते यामुळे. चाचणी गार वेळेलाच घ्यावी.

शोधाची सुरुवात डोळ्यांनी करावी. सिलिंडरच्या फ्लँजवरचे पॅकिंग, बोल्ट, रबरी नळीच्या क्लिपा, प्रायमरची जोडणी हे सांधे आधी बघावेत. एव्हगॅस १०० एलएल निळ्या रंगाचे असल्याने सांध्याभोवतीचा निळा डाग बहुधा पत्ता सांगून जातो. रोटॅक्स ९१२ मध्ये कार्ब्युरेटर ज्या रबरी सॉकेटवर बसतो, ते वाकवून पाहावे. उष्णतेने कडक झालेल्या रबराची चीर सरळ अवस्थेत दिसत नाही.

डोळ्यांना सापडले नाही तर इंजिन बंद ठेवून, मॅग्नेटो बंद असल्याची खात्री करून, व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाने इनटेकमध्ये हवा भरावी. एक्झॉस्टची तोंडे कापडाने बुजवावीत, कारण उघड्या वाल्व्हमधून काही हवा तिकडे जातेच. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. पंक्चरवाला ट्यूब तपासतो, तसेच हे काम. कॉम्प्रेसरचा दाब वापरू नये. चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून आरपीएमचा बदल पाहण्याची रीत गॅरेजमध्ये सर्रास चालते. फिरता पंखा आणि तापलेला एक्झॉस्ट हाताशी असताना ती विमानाला वर्ज्य मानावी.

नेहमीची चूक म्हणजे गळती न शोधता आयडल मिक्श्चरचा स्क्रू फिरवणे. एका सिलिंडरची कमतरता भरून काढताना बाकीचे सिलिंडर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितात आणि त्यांचे प्लग काजळतात. जुने पॅकिंग पुन्हा बसवू नये. गळती बंद झाल्यावर आयडल नव्याने लावावा: लायकॉमिंगसारख्या इंजिनात मिक्श्चर हळूहळू कट-ऑफकडे ओढले असता थांबण्यापूर्वी आरपीएम २५ ते ५० ने चढावेत. ते मुळीच चढले नाहीत, तर मिश्रण अजूनही पातळ आहे.