शत्रूची जन्मभूमी

लंडनला जाणारे लोक राजवाडा बघतात, मेणाचे पुतळे बघतात. २०१८ साली मी हिला घेऊन एन्फील्डला गेलो आणि बार्कलेज बँकेची भिंत बघितली.

"रजा काढूनसुद्धा बँकच?" ही म्हणाली.

आता हिला काय सांगणार! आमच्या शाखेत एटीएम आलं तेव्हा माझ्या शेजारचं काउंटर गेलं. तिथे पाण्याचा कूलर बसवला. पंधरा वर्षं नोटा मोजलेल्या माणसाने शत्रूची जन्मभूमी बघायला नको?

जगातलं पहिलं मानलं जाणारं हे यंत्र २७ जून १९६७ रोजी याच भिंतीत बसलं. पहिले पैसे काढले ते रेग वार्नी या विनोदी नटाने. यंत्राचा जनक जॉन शेफर्ड-बॅरन. हा गृहस्थ १९२५ साली आपल्या शिलाँगला जन्मला. म्हणजे घरभेदीच! एका शनिवारी तो बँकेत पोचला तो दार बंद. आपल्याकडचा माणूस "साहेब, एवढं एकच!" म्हणत आत घुसला असता. हा घरी जाऊन टबात बसला. तिथे त्याला चॉकलेट देणारं यंत्र आठवलं. चॉकलेटऐवजी नोटा का नकोत? त्या कारकुनाने मिनिटभर दार उघडं ठेवलं असतं, तर माझं शेजारचं काउंटर वाचलं असतं!

तेव्हा प्लास्टिकचं कार्ड नव्हतं. किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेला कागदी चेक घालायचा, आकडा दाबायचा, की दहा पौंड बाहेर. आकडा सहा अंकी ठेवायचा त्याचा बेत होता. बायको म्हणाली, मला चारच अंक लक्षात राहतात. झाले चार! पिनच्या पेटंटचा अर्ज मात्र १९६६ सालचा, स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलोचा. एकाच खात्याला दोन दावेदार.

एवढा इतिहास हिला ऐकवून मी ऐटीत कार्ड घातलं. आकडा आठवेना! हिने मला बाजूला सारून चार बटणं दाबली. आमच्या लग्नाची तारीख.

"बायकांना चारच अंक लक्षात राहतात ना?" ही म्हणाली.

नोटा घेऊन बसमध्ये चढलो, तर ड्रायव्हरने मान हलवली. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोकड चालत नाही, कार्ड टेकवायचं. म्हणजे शत्रूच्याही पोटावर पाय आलेला! मी मागे वळून पाहिलं. आदल्याच वर्षी पन्नाशीनिमित्त त्या यंत्राला सोनेरी केलं होतं. आमच्याकडे सोनेरी घड्याळ निरोपसमारंभातच देतात.