शून्य आणि गैरहजर

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. संगणकाचे नि माझे सख्य बेताचेच. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा निकाल संगणकावर गेला, आणि परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेला माझा एक हुशार विद्यार्थी गणितात नापास झाला. हजेरीपत्रकात ‘गैरहजर’ होते. यंत्राने त्याचे ‘शून्य’ केले. त्याच्या आईचे भरून आलेले डोळे मला अजून दिसतात. “मला हे कुणी सांगितलंच नाही, सर,” प्रोग्रॅम लिहिणारा तरुण म्हणाला. खरेच होते. पण त्याने तरी कुठे विचारले होते?

ह्या विचारण्याचेही एक शास्त्र आहे, हे मला पुढे वाचताना कळले.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरविली. तज्ज्ञांचे दुखणे एकच : मोठे प्रोग्रॅम वेळेवर पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि चुका राहतात त्या राहतातच. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव ह्याच परिषदेने रूढ केले.

औषध हळूहळू सापडले. १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि लॅरी कॉन्स्टंटाइन यांनी रचनेचा नियम मांडला : प्रत्येक भागाने आपले एकच काम चोख करावे, दुसऱ्याच्या कामात कमीत कमी हात घालावा. एकत्र कुटुंबात नांदलेल्या सुनांना हे नवे वाटू नये! त्याच वर्षी एड योर्डन यांनी अमेरिकेत हे शास्त्र शिकविणारी कंपनी काढली. तिचे विद्यार्थी कोवळी पोरे नव्हती. नोकरीत मुरलेली माणसे पुन्हा बाकावर बसली. १९८६ मध्ये ती विकली गेली. तिने जगभर अडीच लाखांवर लोकांना शिकविले, असे सांगतात.

शिकवीत काय? तर आधी चित्र काढायला. टॉम डीमार्को यांच्या १९७८ च्या पुस्तकाने ही रीत घरोघर नसली तरी कचेऱ्याकचेऱ्यांतून पोचविली. आपल्या चकल्यांचेच घ्या. वाणी हा बाहेरचा, म्हणून चौकोन. भाजणे, दळणे, तळणे ही कामे, म्हणून वर्तुळे. भाजणीचा डबा म्हणजे साठा. त्याला दोन समांतर रेघा. मधून बाण, आणि प्रत्येक बाणावर काय जाते त्याचे नाव. संगणकात बाणावरून धान्य नव्हे, माहिती जाते, एवढाच फरक. प्रत्येक नावाचा अर्थ एका कोशात नोंदवायचा. मग ते चित्र सहकाऱ्यांपुढे ठेवायचे. दोष कामाचा काढायचा, माणसाचा नाही. आम्हा मास्तरांना हे कधी जमणार, कोण जाणे!

अतिरेकही झाला. चालू कामाची चित्रे काढता काढता नवे काम मागे पडू लागले. १९८९ च्या पुस्तकात खुद्द योर्डन यांनीच त्यात फार वेळ न घालविण्याचा सल्ला दिला. आज इतरही अनेक रीती आहेत. पण करणाऱ्याला आधी विचारावे, हे कुणी मोडीत काढलेले नाही.

आमचा निकाल दुरुस्त झाला. पुढच्या वर्षी तो तरुण आमच्या वृद्ध कारकुनांपाशी दोन दिवस बसला आणि त्याने कागदावर वर्तुळे काढली. कारकुनांनी चष्मा पुसला, एका बाणावर बोट ठेवले आणि विचारले, “आजारी पोरं कुठून जायची, बाळ?”

तरुणाने खोडरबर काढला.