अन्नपिकांवरील कीटकनाशकांचे नियमन

अन्नधान्ये, फळे व भाज्या यांच्या पिकांवर वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचे उत्पादन, आयात, विक्री व वापर यांवर, तसेच अन्नात उरणाऱ्या त्यांच्या अवशेषांवर कायद्याने ठेवलेले नियंत्रण. भारतीय कायद्यात ‘कीटकनाशक’ या संज्ञेत बुरशीनाशके व तणनाशके यांचाही समावेश होतो. या नियमनाचा इतिहास आणि सेंद्रिय शेतीचा पुरस्कार हे विषय परस्परांशी निगडित आहेत. नियमनाच्या उणिवा जसजशा स्पष्ट होत गेल्या, तसतसा सेंद्रिय शेतीचा पक्ष बळावत गेला.

अधिनियमाची पार्श्वभूमी : डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा संश्लेषित रसायनांचा शेतीत सर्वत्र प्रसार झाला. भारतात १९५२ मध्ये कलकत्त्याजवळील रिश्रा येथे बीएचसीचे उत्पादन सुरू झाले. परंतु या विषारी द्रव्यांसाठी स्वतंत्र असा केंद्रीय कायदा नव्हता. १९५८ मध्ये केरळ व मद्रास राज्यांत, वाहतुकीत पॅराथिऑन मिसळून दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या चौकशी आयोगानंतर कायद्याच्या हालचालींना वेग आला व कीटकनाशके अधिनियम १९६८ मध्ये संमत झाला. त्याची अंमलबजावणी १९७१ मध्ये सुरू झाली.

या अधिनियमान्वये केंद्रीय कीटकनाशक मंडळ शासनाला तांत्रिक सल्ला देते, तर नोंदणी समिती प्रत्येक द्रव्याची परिणामकारकता व सुरक्षितता तपासून त्याची नोंदणी करते. कोणत्या पिकावर, किती मात्रेत व काढणीपूर्वी किती दिवस आधी फवारणी करावी, याची माहिती वेष्टनासोबत देणे बंधनकारक असते. उत्पादक व विक्रेते यांना राज्य शासनाकडून परवाना घ्यावा लागतो. अपघाती विषबाधेतून जन्मलेल्या या कायद्याचा भर साहजिकच वेष्टन, साठवण, वाहतूक व विक्री यांवर राहिला.

अवशेषांची मर्यादा : अन्नातील अवशेष हा निराळा प्रश्न आहे. येथे विष एकदम बाधत नाही. अल्प प्रमाणात, परंतु रोज पोटात जाते. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांवरून माणसाला आयुष्यभर रोज चालू शकेल अशी मात्रा ठरवितात. शेतातील चाचण्यांवरून योग्य वापरानंतर पिकात किती अवशेष उरतो हे पाहतात आणि दोहोंचा मेळ घालून प्रत्येक पिकासाठी कमाल अवशेष मर्यादा निश्चित करतात. भारतात या मर्यादा प्रथम अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियमाखालील (१९५४) नियमांनी व पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली (२००६) ठरविण्यात आल्या. नोंदणी कृषी मंत्रालयाच्या कक्षेत व अवशेष आरोग्य मंत्रालयाच्या कक्षेत, अशी ही विभागणी आहे. बाजारातील अन्नाच्या नमुन्यांची देशव्यापी तपासणी योजना मात्र २००५-०६ मध्ये सुरू झाली.

बंदी व तिच्या मर्यादा : डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. ही दोन्ही द्रव्ये चरबीत साठत असल्याने दूध व मांस यांतही उतरतात. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर अनेक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील रहिवाशांत गंभीर आजार व जन्मजात व्यंगे आढळल्यावर मोठे आंदोलन झाले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या द्रव्याचे उत्पादन व वापर थांबविण्याचा आदेश दिला. भाज्यांवर वापरण्यास २००५ पासून मनाई असलेल्या मोनोक्रोटोफॉसने दूषित झालेले शालेय भोजन खाऊन २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात २३ मुले दगावली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अवशेष मर्यादा खाणाऱ्याचे रक्षण करते. फवारणाऱ्याचे करीत नाही, हे या घटनेने दाखविले.

नियमन परिणामकारक होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील द्राक्षांचे आहे. २००३ मध्ये यूरोपात भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक अवशेष आढळल्यावर निर्यातीसाठी बागांची नोंदणी, काढणीपूर्वी नमुने घेणे व प्रयोगशाळेतील तपासणी अशी व्यवस्था उभारण्यात आली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचा तांत्रिक आधार ठरले. तरीही २०१० मध्ये तपासणीच्या यादीत नसलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे द्राक्षे नाकारली गेली. देशातील ग्राहकाच्या भाजीला बागेपासून बाजारापर्यंत अशी तपासणी लाभलेली नाही.

सेंद्रिय शेतीचा पक्ष : अवशेष मोजण्यापेक्षा विष मुळात न घालणे श्रेयस्कर, हा या पक्षाचा गाभा होय. ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४–३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली व जमिनीची सुपीकता आणि पिकाची रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध प्रतिपादिला. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००० मध्ये सुरू झाला; सिक्कीमने २००३ मध्ये घेतलेला संकल्प २०१६ मध्ये पूर्ण झाल्याचे घोषित झाले. याउलट श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एकाएकी थांबविली आणि भाताचे उत्पादन कोसळू लागताच काही महिन्यांतच माघार घेतली. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालून शेतकऱ्यांना एकात्मिक कीड नियंत्रणाचे शिक्षण दिले; तेथे उत्पादन घटले नाही.

सेंद्रिय शेतीतही संक्रमणकाळात उत्पन्न घटते आणि शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याने येऊन पोहोचतो. केवळ प्रमाणपत्राने अन्न निर्दोष ठरत नाही. त्यालाही तपासणीची जोड लागते. त्यामुळे सेंद्रिय शेती व नियमन हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. शेतकऱ्याला संक्रमणास अवधी व आधार देणे आणि निर्यातीच्या मालाला लावलेली कसोटी देशातील अन्नालाही लावणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आवश्यक ठरतात.