भाडेकराराचे ११ महिने संपतायत? ‘रिन्यू’ म्हणजे नेमकं काय आणि खर्च किती?

घरमालकाचा मेसेज येतो, ‘पुढच्या महिन्यात अ‍ॅग्रीमेंट संपतंय, पाच टक्के वाढवून कंटिन्यू करू.’ तुम्ही ‘ओके काका’ लिहिता, पुढच्या महिन्यापासून वाढीव भाडं पाठवता आणि करार वाढला असं दोघांनाही वाटतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो वाढलेला नसतो.

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. त्याची मुदत ठरलेली असते आणि ती संपली की करार संपतो. ‘दोघांच्या संमतीने मुदत वाढवता येईल’ असं कलम त्यात असलं तरी मुदत आपोआप वाढत नाही. रिन्यू करायचं म्हणजे नवा करार, त्यावर नवं मुद्रांक शुल्क आणि त्याची नवी नोंदणी.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही?

हा समज फार पसरलाय आणि त्याला कारणही आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. त्यामुळे ११ महिन्यांचा कागद करून नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, अशी सवय देशभर लागली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वेगळं सांगतो. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. म्हणजे नोटरी केलेला करार इथे नोंदणीकृत करार ठरत नाही.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. घरमालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

भाडेकरूंनीही निर्धास्त राहू नये. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो आणि भाडेकरूला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ‘काका काही बोलणार नाहीत’ हे संबंध चांगले असेपर्यंत ठीक असतं.

खर्च किती येतो?

वाटतो त्यापेक्षा कमी. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणी शुल्क वेगळं.

समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट एक लाख आहे. ११ महिन्यांचं भाडं २,७५,००० होतं, डिपॉझिटवरचं व्याज साधारण ९,१६७. बेरीज २,८४,१६७ आणि त्यावर मुद्रांक शुल्क ७१० रुपयांच्या आसपास. पूर्णांक करताना ते थोडं वर जाऊ शकतं. नोंदणी शुल्क धरून १,७१० झाले.

आता हाच करार ३६ महिन्यांचा करा. भाडं नऊ लाख, व्याज ३०,०००, मुद्रांक शुल्क २,३२५ आणि नोंदणीसह ३,३२५ रुपये. ११-११ महिन्यांचे तीन करार केले तर ३३ महिन्यांसाठीच ५,१३० रुपये जातात. एजंटची फी प्रत्येक वेळी वेगळी, तीही बऱ्याचदा सरकारी खर्चापेक्षा मोठी. दरवर्षीची भाडेवाढ ठरली असेल तर ती लांब करारातच लिहिता येते. शुल्क मोजताना वाढीव भाडं धरायचं एवढंच.

मग घरमालक ११ महिन्यांनाच का चिकटून असतात? जुन्या भाडे कायद्याची भीती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात राहत असलेल्या लायसन्सधारकांना मुंबईच्या भाडे कायद्यात दुरुस्ती करून संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला गेला आणि अनेकांची घरं कायमची अडकली. त्या आठवणी अजून कुटुंबांतून सांगितल्या जातात. १९९९ च्या कायद्यात ताबा परत मिळवण्याची वेगळी सोय आहे, तरी आकडा अकरावरच थांबलाय.

प्रक्रिया

राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशन करता येतं. मालमत्तेचा तपशील, भाडं, डिपॉझिट आणि अटी भरून मसुदा तयार करायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणाऱ्या दोघांची आधारद्वारे पडताळणी होते. त्यासाठी अंगठा घेणारं यंत्र लागतं. ते घरी नसल्यामुळेच लोक अधिकृत सेवा पुरवठादाराला बोलावतात. त्याला बोलावलंत तर सरकारी शुल्क किती आणि त्याची फी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. एकच गोल रक्कम सांगितली जाते तिथेच पैसे जास्त जातात. दुय्यम निबंधकाच्या मंजुरीनंतर करार आणि सूची क्रमांक दोन डाउनलोड करा आणि मालकाच्या मेलमध्ये पडून राहू देऊ नका, स्वतःची प्रत ठेवा.

मसुदा वाचताना डिपॉझिटकडे आधी बघा. रक्कम आधीच दिलेली असेल तर ‘पूर्वी मिळालेलं डिपॉझिट पुढे चालू’ असं तारखेसह लिहिलेलं हवं. नाहीतर दोन वर्षांनी घर सोडताना ते कोणत्या कराराखाली दिलं, यावर वाद होतो. लॉक-इनही बघा. पहिल्या करारातला सहा महिन्यांचा लॉक-इन नव्यात जसाच्या तसा उतरलेला असतो आणि बदली झाली की लक्षात येतं.

भाडं किती वाढवायचं, याला लिव्ह अँड लायसन्समध्ये कायद्याची मर्यादा नाही. पाच किंवा दहा टक्के हा नियम नाही, प्रथा आहे. म्हणून घासाघीस नक्की करा, पण मुदत संपायच्या महिना-दीड महिना आधी. शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडे पर्याय नसतो, हे समोरच्यालाही कळतं.

नवा करार झाला की सोसायटीला प्रत द्यायची आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना पुन्हा कळवायची. भाडेकरू तोच असला तरी. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावला, तर तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सोसायटी तो घरमालकाच्या बिलात लावते. तो तुमच्याकडून मागितला तर आधी करारात तसं लिहिलंय का ते बघा.